मदत हवी आहे: पाळी ३५ दिवसांनी येते, चान्स घेऊन नऊ महिने झाले, कुठे चुकतंय?

चाफा, १० मे

नमस्कार. इथे बरीच वर्षं नुसती वाचत आलेय, लिहायची ही पहिलीच वेळ. माझं वय ३१, नवऱ्याचं ३४. राहायला भांडुप, दोघांच्याही नोकऱ्या फोर्टात.

गेल्या ऑगस्टपासून आम्ही चान्स घेतोय. पाळी चुकत नाही, पण माझी २८ दिवसांची कधीच नव्हती. कॉलेजपासून ३४, ३५, फार तर ३६. सुरुवातीलाच एका दवाखान्यात गेलो होतो. तिथे छापलेला एक कागद मिळाला, त्यावर १ ते २८ आकडे आणि १२ ते १६ भोवती निळ्या पेनाने गोल. तो कागद नऊ महिने कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेला आहे. ते पाच दिवस आम्ही एकही चुकवत नाही, ऑफिसातून कितीही दमून आलो तरी. मग पुढे तीन आठवडे वाट बघायची आणि पाळी आली की बाथरूमचं दार लावून रडायचं.

माझी सोनोग्राफी झाली, थायरॉइड, प्रोलॅक्टिन, साखर सगळं झालं. सगळं ठीक आहे म्हणतात. नवऱ्याची तपासणी अजून कोणीही सांगितलेली नाही, आणि मला त्याला विचारायला अवघड वाटतं. सासूबाई वाईट नाहीत, पण प्रत्येक हळदीकुंकवाला कोणीतरी विचारतंच आणि त्या माझ्याकडे बघतात.

दिवस तरी बरोबर धरतोय का आम्ही? संबंधानंतर पाय भिंतीला लावून अर्धा तास पडून राहायचं असतं का? फॉलिकची गोळी दिवस गेल्यावर घ्यायची की आधीच? आणि आयव्हीएफचा विचार कधी करायचा? कृपया कोणीतरी नीट सांगा.

परळची_लॅब, १० मे

चाफा, तो कागद आज काढून टाक. तुझ्यात काही खोट आहे असं मला वाटत नाही, तो कागद तुझ्यासाठी नाहीये एवढंच.

मी डॉक्टर नाही, पॅथॉलॉजी लॅबमध्ये २२ वर्षं काम करतेय. रोज तुझ्यासारख्या मुली येतात, म्हणून हे सविस्तर लिहिते. बीज सुटतं ते पुढची पाळी यायच्या साधारण १४ दिवस आधी. पाळी आल्यावर चौदाव्या दिवशी नव्हे. २८ची पाळी असेल तर दोन्ही हिशोब एकच येतात, म्हणून सगळीकडे चौदावा दिवस छापलेला असतो. तुझे ३५ वजा १४, म्हणजे एकविसावा दिवस. सुटलेलं बीज १२ ते २४ तास टिकतं, शुक्रजंतू मात्र आत पाच दिवसांपर्यंत जगू शकतात. म्हणजे तुझे दिवस १६ ते २१. पाळी एखादा दिवस मागेपुढे होते म्हणून १५ ते २२ धर आणि एक दिवसाआड पुरे, रोजची सक्ती नको. तुमचे १२ ते १६ आणि हे दिवस जेमतेम कडेला भेटत होते गं. नऊ महिने.

खात्री हवी असेल तर केमिस्टकडे ओव्ह्युलेशनच्या, म्हणजे बीज सुटायची वेळ लघवीवरून सांगणाऱ्या, पट्ट्या मिळतात. पंधराव्या दिवसापासून रोज एक. दोन्ही रेघा सारख्या गडद झाल्या की पुढच्या २४ ते ३६ तासांत बीज सुटतं. पट्टीवर तारीख लिहून जपून ठेव, पुढे उपयोग होतो. आणि अंगावरचा स्राव बघ. त्या दिवसांत तो कच्च्या अंड्याच्या पांढऱ्यासारखा होतो, दोन बोटांत धरला तर तार निघते.

पाय वर करायची काही गरज नाही.

आता नवऱ्याची तपासणी. हिला सर्वात कमी त्रास आणि बायकोच्या बऱ्याच तपासण्यांपेक्षा कमी खर्च, तरी ही सगळ्यांत शेवटी होते याचा मला २२ वर्षं राग आहे. दोन ते सात दिवस संबंध न ठेवता वीर्याचा नमुना द्यायचा. शक्यतो लॅबमध्येच. घरून आणायचा असेल तर तासाभरात पोचला पाहिजे, आणि डबी पिशवीत नाही, शर्टाच्या आत अंगालगत ठेवायची, गार होता कामा नये. रिपोर्ट वाईट आला तर लगेच घाबरू नका. शुक्रजंतू तयार व्हायला अडीच-तीन महिने लागतात, म्हणजे दोन महिन्यांपूर्वी आलेला ताप आजच्या रिपोर्टमध्ये दिसतो. दुसऱ्यांदा करून बघतात.

आयव्हीएफच्या विरोधात मी परळमध्ये राहून बोलणार नाही, डॉ. इंदिरा हिंदुजांनी १९८६ साली इथेच केईएममध्ये टेस्ट ट्यूब बेबीचा जन्म घडवून आणला होता. पण तुझी ती वेळ आलेली नाही. पस्तिशीच्या आत एक वर्ष आणि पस्तिशीनंतर सहा महिने प्रयत्न करून मग तज्ज्ञांकडे जातात, आणि ते वर्ष बरोबर दिवसांचं हवं.

गिरगावकर, ११ मे

ताई, नवऱ्याच्या बाजूने लिहितो. आमच्याकडे दोन वर्षं फक्त बायकोच्याच तपासण्या चालू होत्या. नळ्या मोकळ्या आहेत का ते बघायची, ती फार दुखते, तीसुद्धा झाली. तिला दादरला टॅक्सीत बसवताना तिने माझा हात इतका घट्ट धरला होता की नखं उमटली. तरी मी म्हणालो नाही की माझीही करा. भीती वाटत होती.

शेवटी केली. एका मिलिलिटरला सहा दशलक्ष शुक्रजंतू आले, निदान सोळा तरी हवेत. व्हेरिकोसील, म्हणजे अंडकोषातल्या शिरा फुगलेल्या, निघालं, ऑपरेशन झालं, पुढे आययूआय केलं, म्हणजे शुक्रजंतू नळीने थेट गर्भाशयात सोडतात ते. मुलगी आता चौथीत आहे. तुमच्या मिस्टरांना हे वाचायला द्या. मूल न होण्यात साधारण निम्म्या जोडप्यांत पुरुषाच्या बाजूचंही कारण असतं, हे मला कोणी आधी सांगितलं असतं तर तिची ती दोन वर्षं वाचली असती.

बोरिवलीची_माई, ११ मे

अगं, फॉलिक आजपासून सुरू कर. बाळाचा मेंदू आणि कणा ज्या नळीपासून होतात ती गर्भ राहिल्यापासून २८ दिवसांत मिटते. तोवर बऱ्याच जणींना नुसतं कळलेलं असतं, डॉक्टरांकडे जाणं व्हायचंच असतं. रोज ४०० मायक्रोग्रॅम लागतं. केमिस्टकडे बहुतेक वेळा ५ मिलिग्रॅमची गोळी पुढे करतात. ती मधुमेह, फिटच्या गोळ्या चालू असणाऱ्या, किंवा आधीच्या बाळाला असा दोष असलेल्या बायकांना देतात, तेव्हा तुझ्यासाठी कुठली ते डॉक्टरांना विचारून घे.

आणि एक तपासणी तुझ्या यादीत नाही. थॅलेसेमियाची, हा रक्ताचा आनुवंशिक आजार. मी मायनर आहे, म्हणजे दोष अंगात आहे पण मोठा आजार नाही, आणि मला ते पहिल्या खेपेला तिसऱ्या महिन्यात कळलं. तोवर शाळेपासून लोहाच्या गोळ्या खात होते, हिमोग्लोबिन दहाच्या वर जायचंच नाही. दोघंही मायनर असतील तर प्रत्येक वेळी चारात एक शक्यता असते की मूल मेजर होईल, म्हणजे आयुष्यभर रक्त चढवायचं. यांचा रिपोर्ट येईपर्यंतचे चार दिवस मी विसरलेले नाही. ते नॉर्मल निघाले. तू आधीच करून घे. रुबेलाची लस झाली नसेल तर तीही, पण लशीनंतर महिनाभर थांबावं लागतं.

चाफा, २० जून

सगळ्यांचे खूप आभार. धागा नवऱ्याला वाचायला दिला. तो गिरगावकरांचं वाचून बराच वेळ गप्प बसला आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच लॅबचा नंबर शोधला. रिपोर्ट नॉर्मल आहे. थॅलेसेमिया दोघांनाही नाही. फॉलिक चालू आहे.

चाफा, ७ ऑगस्ट

आज पाळीची तारीख. सकाळी टेस्ट केली, दुसरी रेघ आहे पण इतकी फिकट की खिडकीपाशी नेऊन बघावी लागते. ही खरी धरायची का? हात थरथरतायत, कृपया लवकर सांगा.

परळची_लॅब, ७ ऑगस्ट

किती मिनिटांनी बघितलीस? पाकिटावर जेवढा वेळ दिलाय, सहसा पाच मिनिटं, त्यात रंगीत रेघ दिसली असेल तर फिकटही रेघच. अर्ध्या तासाने उमटलेली राखाडी रेघ धरायची नाही. दोन दिवसांनी सकाळच्या पहिल्या लघवीची परत कर. सुरुवातीला गरोदरपणाचं हार्मोन दोन-तीन दिवसांत दुप्पट होत जातं, रेघ गडद दिसेल. अंगदुखीला आयब्युप्रोफेन घेऊ नकोस.

चाफा, १७ ऑगस्ट

रेघ गडद झाली होती. पण आज सोनोग्राफी झाली आणि मी फार घाबरलेय. शेवटची पाळी ३ जुलैची, म्हणजे आज ४५ दिवस, सहा आठवडे तीन दिवस. गर्भाशयात फक्त सॅक, म्हणजे गर्भाभोवतीचं आवरण, दिसली, बाळ नाही, ठोके नाहीत. तिथे म्हणाले वाढ मागे आहे, कदाचित टिकणार नाही, दोन आठवड्यांनी या. त्यात कालपासून थोडे तपकिरी डाग आहेत. मी परवापर्यंत लोकलने उभ्याने जात होते, त्यामुळे झालं का? सासूबाईंना सांगून झोपून राहू का?

परळची_लॅब, १७ ऑगस्ट

आधी पट्ट्यांची डबी काढ. गडद रेघ कुठल्या तारखेची आहे?

चाफा, १७ ऑगस्ट

२२ जुलै, संध्याकाळ.

परळची_लॅब, १७ ऑगस्ट

म्हणजे बीज २४च्या सुमारास सुटलं. त्याला आज २४ दिवस झाले. गरोदरपणाचे आठवडे पाळीपासून मोजतात आणि त्यात बीज चौदाव्या दिवशी सुटलं असं गृहीत असतं, म्हणून २४ मध्ये १४ मिळव. ३८ दिवस. पाच आठवडे तीन दिवस. चाफा, पाच आठवडे तीन दिवसांना सॅकच दिसते गं! ठोके सहा आठवडे पूर्ण व्हायच्या सुमारास दिसायला लागतात. तुला मागे ठरवलं ते पुन्हा त्याच २८च्या हिशोबाने, कपाटावरचा कागदच परत आला. पट्टीची तारीख तुझ्या डॉक्टरांना दाखव आणि दुसरी सोनोग्राफी त्यांनी सांगितलेल्या दिवशीच कर, रोज बघून काही कळत नाही.

सगळं छान होईल असं वचन मी देणार नाही, ते कोणालाच देता येत नाही. पण आजच्या रिपोर्टवरून रडायचं कारण नाही.

डाग सुरुवातीला बऱ्याच जणींना पडतात. तरी उद्या डॉक्टरांना फोन करून सांग, आणि रक्तगट निगेटिव्ह असेल तर आवर्जून सांग, इंजेक्शन लागू शकतं. लाल रक्त जास्त गेलं, पोटात एका बाजूला जोरात दुखलं, खांद्यात कळ आली किंवा चक्कर येऊन पडायला झालं तर उद्याची वाट न बघता तडक हॉस्पिटल.

बोरिवलीची_माई, १७ ऑगस्ट

लोकलमुळे नाही हो बाळा. सुरुवातीला जे गर्भ पडतात त्यांतले बहुतेक गुणसूत्रांतल्या चुकीमुळे पडतात, जिन्यामुळे नाहीत, लोकलमुळे नाहीत, पपईच्या फोडीमुळे नाहीत. हे मी तुला दोन वेळा सांगते, कारण माझा एक गेला तेव्हा मला कोणी एकदाही सांगितलं नाही. सगळे विचारत होते, काय उचललंस. झोपून राहिल्याने गर्भ टिकतो असंही दिसलेलं नाही. डॉक्टरांनी वेगळं सांगितलं नसेल तर घरात चाल-फिर, जेव.

धक्काबुक्की मात्र नको. दिव्यांगांच्या डब्यात गरोदर बाईला चढता येतं, डॉक्टरांची चिठ्ठी पर्समध्ये ठेव. पोट दिसत नाही म्हणून कोणी बोललं तर चिठ्ठी दाखव आणि बसून राहा.

चाफा, ३१ ऑगस्ट

आज दुसरी सोनोग्राफी झाली. बाहेर तोच मोठा बोर्ड, इथे लिंगनिदान केलं जात नाही, तोच फॉर्म, तेच आधार कार्ड. मी डोळे मिटून पडले होते. डॉक्टरीणबाईंनी स्क्रीन वळवली आणि म्हणाल्या, उघडा. बारा मिलिमीटर आहे. मधोमध काहीतरी लुकलुकत होतं, ते हृदय. मिनिटाला १४२. रिपोर्टवर सात आठवडे तीन दिवस लिहिलंय आणि प्रसूतीची तारीख ९ वरून १६ एप्रिल केलीय. पट्टी दाखवली तर त्या म्हणाल्या, बरं झालं ठेवलीत.

डाग थांबलेत. नवरा बाहेर आल्यावर प्लॅटफॉर्मवरच्या बाकावर बसून रडला. गिरगावकर, त्याने तुम्हाला नमस्कार सांगितलाय.

आता गणपतीला पंधरा दिवस आहेत आणि सासरचा गणपती चिपळूणला असतो. अजून घरी सांगितलेलं नाही. जावं का?

बोरिवलीची_माई, ३१ ऑगस्ट

अगं माझे बाई! गणपती पावला.

डाग नुकते थांबलेत, तेव्हा डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. त्या हो म्हणाल्या तर रेल्वेने जा, एसटीने त्या खड्ड्यांतून नको. आणि सासूबाईंना आधी सांग, नाहीतर एकवीस मोदकांच्या उकडीपाशी तुलाच उभं करतील. त्या तुझ्याकडे बघायच्या ना हळदीकुंकवाला? त्यांनाही कोणीतरी विचारतच होतं.

परळची_लॅब, १ सप्टेंबर

काल रात्री वाचलं, ड्युटीवर होते, आत जाऊन तोंड धुऊन आले.

आता पुढचं ऐक. एनटीची सोनोग्राफी, म्हणजे बाळाच्या मानेमागची जाडी मोजतात ती, ११ आठवडे ते १३ आठवडे ६ दिवस यातच होते, तिच्याबरोबर डबल मार्करचं रक्त घेतात, बाळात गुणसूत्रांच्या दोषाची शक्यता किती ते बघायला. त्या रक्ताचा सगळा हिशोब आठवड्यांवर असतो. फॉर्मवर फक्त ३ जुलै लिहिलंस तर एका आठवड्याची चूक परत शिरेल, म्हणून कालचा रिपोर्ट बरोबर ने आणि लावायला सांग. नव्या तारखेने १२ आठवडे २ ऑक्टोबरला होतात. त्या दिवशी गांधी जयंती, बरीच सेंटरं बंद असतात, तेव्हा त्याच आठवड्यातला पुढचा-मागचा दिवस आत्ताच धरून ठेव.