मुळशीच्या वरकस जमिनीवर अननसाची व्यापारी लागवड करावी का?

प्रश्न
नमस्कार. मी पुण्यात राहतो. पौडच्या पुढे आमची वडिलोपार्जित शेती आहे. त्यात खाली भातखाचरे आणि वर उताराची तांबडी, मुरमाड वरकस जमीन आहे. वरकसात पूर्वी नाचणी व वरई होत असे, आता ती पडीक आहे. माती तपासली असता सामू (pH) 5.8, म्हणजे आम्लधर्मी आला. विहिरीचे पाणी मार्चअखेरपर्यंत पुरते. तेथे एक एकर अननस लावण्याचा विचार आहे. माझ्या चुलतभावालाही दौंडच्या काळ्या जमिनीत हेच पीक घ्यायचे आहे. जात, लागणीची वेळ आणि पुण्यातील विक्री यांविषयी अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद 1
दादा, आपल्या चुलतभावांना कृपया आजच थांबवा. अननसाला आम्लधर्मी, उत्तम निचऱ्याची जमीन लागते. चुनखडीयुक्त काळ्या जमिनीत लोह उपलब्ध होत नाही, पाने पिवळी पडतात आणि मुळे कुजतात. ठिबकने पाणी मोजून देता येते, पण जमिनीचा स्वभाव बदलता येत नाही. आपली वरकस जमीन मात्र या पिकाला मानवेल. खाचरांत लावू नका.

लागणीसाठी एकसारख्या वजनाचे फुटवे (झाडाला फुटणारी पिल्ले) निवडावेत, कारण फळावरच्या शेंड्यापासून वाढवलेले झाड फळावर यायला अधिक काळ घेते आणि फुटवे लहानमोठे असतील तर पुढे तोडणीही मागेपुढे होते. जोडओळीत रोपांमध्ये 30 सेंमी, ओळींमध्ये 60 सेंमी आणि दोन जोडओळींमध्ये 90 सेंमी अंतर ठेवल्यास एकरी सुमारे 18,000 फुटवे लागतात. खर्चाचा सर्वांत मोठा भाग हाच असल्याने तो आधी मोजावा. मुळशीच्या मुसळधार पावसात लागण केली तर पोंग्यात (पानांच्या मधल्या गाभ्यात) पाणी व माती साचून कूज लागते. म्हणून पावसाचा जोर ओसरल्यावर, ऑगस्टअखेर ते सप्टेंबरमध्ये, उताराला आडव्या गादीवाफ्यांवर लागण करावी.

या पिकाचे खरे कौशल्य फुलोरा आपल्या सोयीने आणण्यात आहे, आणि नवे बागायतदार नेमके येथेच दुर्लक्ष करतात. झाडाला सुमारे 40 पाने आली की 50 लिटर पाण्यात 1 किलो युरिया, 20 ग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट आणि 25 पीपीएम (दहा लाख भागांत 25 भाग) इथेफॉन हे संजीवक मिसळून प्रत्येक झाडाच्या पोंग्यात 50 मिली द्रावण कोरड्या दिवशी ओततात. एवढे द्रावण 1,000 झाडांना पुरते. कॅल्शियम कार्बोनेटमुळे द्रावणाचा सामू वाढतो व इथेफॉनमधून फुलोरा आणणारा इथिलीन वायू सुटतो. सुमारे 40 दिवसांत फुलोरा दिसतो. पुढच्या वर्षी पाऊस संपल्यावर ऑक्टोबरमध्ये हे केले तर फळ उन्हाळ्याच्या तोंडावर, चांगल्या मागणीत येते. मात्र आपल्याकडच्या थंडीत वाढ मंदावते, तेव्हा थोडा उशीर गृहीत धरा. थंडीमुळे काही झाडे आपोआपही फुलतात. मार्चपासून फळांवर वाळलेले गवत टाकावे, नाहीतर पश्चिमेकडची बाजू उन्हाने करपते.

प्रतिसाद 2
मी पुण्यात फळविक्री करते, म्हणून बाजारापुरते लिहिते. गुलटेकडीच्या मार्केट यार्डात येणारा अननस प्रामुख्याने केरळचा असतो. तेथील वाळकुळमच्या अननसाला 2009 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आणि तो मॉरिशस जातीचा आहे. क्यू जातीचे फळ मोठे व रसाळ असते आणि प्रक्रियेसाठी चालते, परंतु कापून खाणाऱ्या गिऱ्हाइकाला मॉरिशसचा गोडवा व सुवास हवा असतो. अननस तोडल्यावर त्याची साखर वाढत नाही. केवळ सालीचा रंग बदलतो. लांबून येणारा माल प्रवासात टिकावा म्हणून लवकर तोडावा लागतो, तर पौडहून पुण्याला येणारे फळ झाडावरच पुरेसे पिकू देता येते. आपली जमेची बाजू हीच आहे. केवळ भावात केरळशी स्पर्धा करू नका.

प्रश्नकर्ता
दोघांचेही मनापासून आभार. दौंडचा बेत रद्द करायला भावाला सांगतो. एक शंका राहिली: एका रोपवाटिकेने फुटव्यांबरोबर सर्व फळांच्या खरेदीची हमी देऊ केली आहे. ती स्वीकारावी का?

प्रतिसाद 1
करारात दर, प्रतवारी आणि फळ उचलण्याची मुदत लेखी नसेल तर स्वीकारू नये. फुटवे घेताना बुडाशी पांढरा पिठ्या ढेकूण आहे का, हे स्वतः पाहावे. त्यातून मर रोग येतो आणि मुंग्या तो ढेकूण बागभर पसरवतात. पहिल्या वर्षी पाच गुंठेच लावा. त्याच झाडांचे फुटवे पुढच्या लागणीला मिळतील आणि खोडव्याचे (त्याच झाडांच्या दुसऱ्या पिकाचे) उत्पन्नही प्रत्यक्ष पाहता येईल. कुंपणाची सोय मात्र फळ धरण्यापूर्वी करा. मुळशीत रानडुकरांपासून अननस वाचवणे सोपे नाही.