पुण्यातल्या टेक्नो रात्रींना मैफल म्हणायचं का?

सोळा_पायऱ्या:
घर आवरताना जुन्या हार्डडिस्कवर डिसेंबर २०११ चं एक रेकॉर्डिंग सापडलं. पानशेत रस्त्याजवळचं फार्महाऊस, चाळीसेक माणसं, ताडपत्रीखाली एक टेबल. टेबलावर ड्रम मशीन, छोटा अ‍ॅनलॉग सिंथ (विजेवर सूर काढणारं वाद्य) आणि मिक्सर. लॅपटॉप नाही. टेक्नो, म्हणजे मशीनवरचं ठेक्याचं संगीत, हातानेच वाजत होतं. वाजवणारा आमच्याच कॉलेजातला. थंडीने सिंथचा सूर सारखा सरकत होता आणि तो दर थोड्या वेळाने, तंबोरा जुळवावा तसा, एक नॉब केसभर फिरवत होता. ते सरकणं आणि परत जागेवर येणं रेकॉर्डिंगमध्ये स्वच्छ ऐकू येतं.

माझ्या मते ती मैफलच होती. सोळा ठोक्यांचा एकच पॅटर्न दहा-दहा मिनिटं चालतो, त्यात फक्त फिल्टर, म्हणजे वरचे सूर अडवणारी चाळणी, हळूहळू उघडत जातो आणि ऐकणारा त्या उघडण्याची वाट बघतो. ज्याने विलंबित ख्याल मन लावून ऐकलाय, त्याला यात परकं वाटण्यासारखं काही नाही.

पण या शहराला त्यातलं आठवतं काय? मार्च २००७ मध्ये सिंहगडाच्या पायथ्याशी डोणजे इथे छापा पडला, दोनशेहून जास्त तरुण पकडले गेले, आणि 'रेव्ह पार्टी' हा एकच शब्द उरला. २०१६ मध्ये केसनंदला सनबर्न हा इलेक्ट्रॉनिक संगीताचा महोत्सव झाला, तो तर निराळाच प्रकार, जत्रेच्या मापाचा. छोट्या खोल्यांमध्ये, गच्च्यांवर, शेतघरांत जे लाईव्ह वाजलं त्याची कुठे नोंदच नाही. सवाई गंधर्व महोत्सवाच्या रात्रभराच्या आठवणी आपण जपतो, तशा याही जपायला हव्यात.

पटवर्धनबाग_जुना:
साफ असहमत. सवाई १९५३ पासून चालू आहे, त्यामागे घराणी आहेत, आयुष्यभराचा रियाज आहे. मशीनमध्ये पॅटर्न आधी भरून ठेवायचा आणि नॉब फिरवायचे, याला वादन म्हणायला माझी जीभ वळत नाही.

आणि दुसरं. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० साली आले, रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद. सवाईची रात्र त्यातच गेली. पहाटेचा भैरव आम्ही सोडला, दहाला उठून घरी जायला शिकलो, शनिवारी तेवढे बारापर्यंत थांबतो. आम्ही मुकाट्याने नियम पाळायचे आणि ज्यांनी पाळलेच नाहीत त्यांच्या आठवणी जपायच्या?

हडपसर_३०३:
काका, वादनाच्या मुद्द्यावर थोडं बोलतो, कारण मी स्वतः ही मशीन वाजवतो. जपानच्या रोलँड कंपनीने १९८१ मध्ये टीबी-३०३ नावाचं छोटं बेस मशीन काढलं, एकट्याने सराव करणाऱ्या गिटारवाल्याला बेसची साथ म्हणून. खऱ्या बेससारखा आवाज येईना, १९८४ पर्यंत ते बंदही झालं. मग सेकंडहँड दुकानांतून स्वस्तात शिकागोच्या पोरांच्या हाती लागलं. त्यांनी साथीचं काम बाजूला ठेवून फिल्टरचे नॉबच वाजवायला घेतले, आणि अ‍ॅसिड हाऊस हा नाचाच्या संगीताचा नवा प्रकार जन्माला आला. डेट्रॉईटच्या कृष्णवर्णीय तरुणांनी याच काळात अशाच मशीनवर टेक्नो उभं केलं.

आणि हे परकं म्हणावं तर मुंबईत हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदात वाजवणाऱ्या चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये याच ३०३ वर राग वाजवून रेकॉर्ड केले होते. तेव्हा कुणी विचारलं नाही. २०१० मध्ये ती रेकॉर्ड पुन्हा निघाली तेव्हा जगभरचे लोक चकित झाले. आपलं आपण विसरलो होतो, ते बाहेरच्यांनी शोधून दिलं. बर्लिनच्या टेक्नो संस्कृतीला तर जर्मनीने २०२४ मध्ये आपल्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं.

पॅटर्न भरलेला असतो हे खरं. ठेकाही ठरलेलाच असतो की! त्यावर त्या रात्री काय सुचतं, ते आधी कुठून भरणार?

मुठेकाठची:
मी त्याच पट्ट्यातली आहे. तुमच्यासाठी ते फार्महाऊस, आमच्यासाठी शेजार. गाण्यातलं बाकी काही आमच्यापर्यंत येत नसे, फक्त बेस. वरचे सूर भिंतीत, झाडीत विरतात, खालचे विरत नाहीत. आजीच्या छातीत तो ठोका रात्रभर बसायचा. उठून बसायची, पाणी मागायची, परत आडवी व्हायची. निवासी भागात रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल आहे, पण गावात ती मोजायला कोण येतं? सकाळी बांधावर फुटलेल्या बाटल्या असायच्या, त्यातल्या एका काचेने आमच्या म्हशीचा पाय कापला. विसर्जनाच्या डीजेच्या भिंतीविरुद्ध शहरात सगळे बोलतात, तेच शहरातले लोक आमच्याकडे येऊन स्पीकर लावतात.

संगीत चांगलं होतं की वाईट, मला सांगता येणार नाही. आम्हाला कुणी ऐकायला बोलावलंच नव्हतं.

कर्वेनगर_मीरा:
मी अशा पाच-सहा रात्रींना गेलेय. चाळीस माणसांत सगळे ओळखीचे असायचे, त्यामुळे मोठ्या फेस्टिव्हलपेक्षा मला तिथे मोकळं वाटायचं. परतीचा रस्ता मात्र भीतीचाच. आठवणी लिहायच्या तर तेही लिहा.

सोळा_पायऱ्या:
मुठेकाठची, तुमच्या लिहिण्याला माझ्याकडे उत्तर नाही. त्या रात्री लाईट गेली होती. जनरेटर लागेपर्यंत दहा-बारा मिनिटं सगळं शांत होतं आणि लांबून कुत्री भुंकत होती, तीही रेकॉर्डिंगमध्ये आहेत. आम्हाला तेव्हा ते सुंदर वाटलं. ती कुत्री कुणाच्या दारातली, तिथे कोण जागं असेल, हे मनातही आलं नाही. बाटल्याही आम्ही उचलल्या नव्हत्या. ते चुकलंच.

जपायला हव्यात, हे मात्र अजूनही म्हणतो.

पटवर्धनबाग_जुना:
माझं मत बदललेलं नाही. पण ते सूर जुळवणं कितव्या मिनिटाला आहे? फाईल पाठवता आली तर पाठवा.

सोळा_पायऱ्या:
३९ व्या. पाठवतो. फोनच्या स्पीकरवर नका ऐकू, खालचा सूर येणारच नाही.