‘फोटोफेरेसिस’ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न: अस्थिमज्जा प्रत्यारोपणानंतर ‘ग्राफ्ट व्हर्सेस होस्ट’ आजार (दात्याच्या पेशी मुलाच्याच शरीरावर उलटतात तो) झालेल्या मुलांना ईसीपी, म्हणजे एक्स्ट्राकॉर्पोरियल फोटोफेरेसिस देतात. पालकांच्या माहितीपत्रकात ‘रक्ताचा प्रकाशोपचार’ चालेल?

— नको. प्रकाशोपचार म्हटलं की निळ्या दिव्याखालचं काविळीचं बाळ डोळ्यांपुढे येतं. इथे मुलाच्या अंगावर उजेड पडतच नाही. यंत्र पांढऱ्या पेशी वेगळ्या काढतं, तांबड्या पेशी परत देतं. वेगळ्या काढलेल्यांत मेथॉक्सॅलेन हे औषध मिसळून त्यांच्यावर यूव्हीए (अतिनील) किरण सोडतात आणि त्याच पेशी शिरेतून परत देतात.

— ‘फेरेसिस’ हे ग्रीक ‘अफायरेसिस’चं शेपूट: काढून घेणं. इलेक्ट्रोफोरेसिसमधलं ‘फोरेसिस’ म्हणजे वाहून नेणं. म्हणून ‘फोटोफोरेसिस’ लिहू नये. मेथॉक्सॅलेन हे सोरालेन गटातलं. ते नाव बावचीच्या शास्त्रीय नावावरून आलं. कोडावर बावची लावून उन्हात बसवतात, त्यातलं तत्त्व हेच. यूव्हीए पडल्याशिवाय औषध डीएनएला पक्कं चिकटत नाही.

— मग ‘किरणित रक्त’?

— तो तर घोळच! रक्तपेढीत गॅमा किंवा क्ष-किरण दिलेल्या पिशवीला ते नाव आहे. दात्याच्या लिम्फोसाइट (एक प्रकारच्या पांढऱ्या) पेशी वाढू नयेत म्हणून तसं करतात. या मुलांना रक्त देताना तीच पिशवी लागते. एका शब्दात दोन्ही कोंबू नका.

— पत्रकात ‘प्राइमिंग’ येईलच. १० किलोच्या मुलात रक्त साधारण ७५० मिलि. त्यातलं १०–१५ टक्क्यांहून जास्त एका वेळी बाहेर गेलं तर रक्तदाब घसरतो, म्हणून नळ्या आधीच तांबड्या पेशींनी भरून घेतात. ‘नळ्या भरणं’ पुरे. रक्त गोठू नये म्हणून घातलेल्या सायट्रेटमुळे कॅल्शियम उतरतं, ओठांना मुंग्या येतात. तान्हं मूल ते सांगणार कसं, ते नुसतं किरकिरतं. ‘आदल्या जेवणात तूप-तेल कमी’ हेही कारणासकट लिहा: प्लाझ्मा दुधाळ झाला की यंत्राच्या प्रकाश-संवेदकाला पेशींचा थर ओळखता येत नाही. नंतर २४ तास यूव्हीए अडवणारा गॉगल, खिडकीपाशीसुद्धा. साध्या काचेतून यूव्हीए आत येतो.

— ‘होस्ट’ला यजमान ठीक आहे, पण कोकणात ‘ग्राफ्ट’ला ‘कलम’ आणि ‘होस्ट’ला ‘खुंट’ चटकन कळेल. फक्त आंब्याचं कलम खुंटावर उलटत नाही, इथे उलटतं: त्वचेवर, आतड्यांवर, यकृतावर.

— एक राहिलं. ‘रक्तशुद्धी’ कुठेही नको. डायलिसिससारखं काही गाळून टाकतात असं वाटेल. इथे काढलेल्या पेशी परतच द्यायच्या असतात. किरण बसून मरू घातलेल्या त्या पेशीच बाकीच्यांना आवर घालायला शिकवतात.