प्रतिसाद: 'द सॅबोटर'मधला काळा-पांढरा रंग

वरच्या पोस्टमध्ये म्हटलंय की दुसऱ्या महायुद्धावरच्या 'द सॅबोटर' या व्हिडिओ गेममधलं काळं-पांढरं पॅरिस ही नुसती दिखाऊ क्लृप्ती आहे. मला हे अजिबात पटत नाही. जर्मनांच्या ताब्यातल्या भागात शिरलं की सगळं राखाडी होतं, पाऊस पडत असतो, आणि रंग उरतो तो झेंड्यांचा आणि दंडावरच्या पट्ट्यांचा लालभडक, खिडक्यांतून झिरपणारा पिवळा. तिथला मोठा तळ उडवलात की त्या वस्तीत रंग परत येतो आणि लोक तुमच्या बाजूने लढायला उतरतात. म्हणजे कुठे सावध राहायचं आणि कुठे मोकळं फिरायचं, हे नकाशा न उघडताच कळतं. ताबा म्हणजे काय, हे इतक्या थेट सांगणारा दुसरा गेम मी खेळलेलो नाही.

नायक शॉन डेव्हलिन हा आयरिश मेकॅनिक आणि रेसर. त्याची प्रेरणा खरी आहे, हे इथे कुणीच लिहिलं नाही म्हणून सांगतो: विल्यम ग्रोव्हर-विल्यम्स. १९२९ ची पहिली मोनॅको ग्रां प्री ही मोटार शर्यत त्याने बुगाटी गाडीतून जिंकली, आणि युद्धात ब्रिटिशांच्या 'एसओई' या गुप्त कारवाया करणाऱ्या संघटनेसाठी फ्रान्समध्ये घातपाताचं गुप्त काम केलं. तो पकडला गेला आणि साक्सनहाउझेनच्या छळछावणीत त्याला मारण्यात आलं.

गाडी चालवणं जरा ढिलं आहे, ते मान्य. पण २००९ च्या डिसेंबरात गेम आला तेव्हा तो बनवणारा पँडेमिक स्टुडिओ नुकताच बंद झाला होता. पुढचा भाग कधी आलाच नाही, याचं मला आजही वाईट वाटतं.