वीज गेली आणि डॉक्टरांशी संपर्कच तुटला

नमस्कार मंडळी,

परवा आमच्याकडे सकाळपासून अकरा तास वीज नव्हती. सासूबाईंना घरी ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर (हवेतून ऑक्सिजन वेगळा काढून देणारं विजेवरचं मशीन) लागतो. राखीव सिलिंडर होता म्हणून निभावलं. दुपारी डॉक्टरांची व्हिडिओ भेट ठरली होती, पण राउटर बंद आणि तोवर मोबाईलची रेंजही गेली. दवाखान्याचा नंबर फक्त ॲपमध्ये! त्या दिवशी फार हतबल वाटलं. पुन्हा असं झालं तर आधीपासून काय तयारी ठेवू?

---

ताई,

सासूबाई आता बऱ्या आहेत ना? मी बरीच वर्षं मोबाईल टॉवरच्या देखभालीत होतो, म्हणून लिहितो.

टॉवरला बॅटरी असते, पण बहुतेक ठिकाणी ती काही तासच पुरते. २८ एप्रिल २०२५ ला स्पेन-पोर्तुगालमध्ये भरदुपारी वीज गेली, तेव्हाही बॅटऱ्या उतरत गेल्या तसतसं नेटवर्क गळत गेलं. म्हणून वीज गेली की वाट बघू नका. पहिल्या तासातच दवाखान्याला फोन करून सांगा, की व्हिडिओ जमला नाही तर साध्या फोनवर बोलू. कॉल लागत नसेल तर एसएमएस करा. तो कमी सिग्नलवरही बरेचदा पोचतो.

राउटरला वीज अगदी थोडी लागते, बहुतेकांना १२ व्होल्ट. छोटा डीसी यूपीएस (वीज गेली तरी राउटर चालू ठेवणारा बॅटरीचा डबा) घ्या, पण आधी ॲडॉप्टरवरचे व्होल्ट आणि अँपिअर जुळवून पाहा. फायबर असेल तर भिंतीवरचा ओएनटीचा डबाही (बाहेरून आलेली फायबरची तार ज्याला जोडतात तो) बॅटरीवर हवा. लोक नेमका तोच विसरतात, आणि मग राउटरचे दिवे लागूनही इंटरनेट येत नाही.

कॉन्सन्ट्रेटरची गोष्ट वेगळी. मिनिटाला पाच लिटर ऑक्सिजन देणारं मशीन साधारण ३०० वॅट खातं, तिथे हा यूपीएस कामाचा नाही. सिलिंडर किती तास पुरेल, हे पुरवठादाराकडून सासूबाईंच्या फ्लोवर (त्यांना मिनिटाला किती लिटर ऑक्सिजन लागतो, त्यावर) काढून घ्या आणि सिलिंडरवरच लिहून ठेवा. वीज कंपनीकडे घरात वैद्यकीय यंत्र असल्याची नोंद करा. बऱ्याच देशांत ती सोय आहे, डॉक्टरांचं पत्र लागू शकतं. नोंद झाली म्हणजे वीज लगेच परत येईल असं मात्र धरून चालू नका.

आणि कळकळीने सांगतो, ऑक्सिजन सुरू असलेल्या खोलीत मेणबत्ती नको. जनरेटर घरात किंवा गॅरेजमध्ये चालवू नका, कार्बन मोनॉक्साइडचा वास येत नाही.

---

दादांच्या पत्राला माझी जोड. आमच्याकडे वीज होती, पगार नव्हता. बिल थकण्याआधीच वीज आणि इंटरनेट दोन्हीकडे फोन केला आणि हप्ते लावून घेतले. तोडणीची नोटीस आल्यावर तेच बोलणं खूप अवघड जातं, हे शेजारणीकडे पाहिलंय. लाज वाटून थांबू नका.

इन्सुलिन घेणाऱ्यांसाठी: दार उघडलं नाही तर फ्रिज साधारण ४ तास थंड राहतो. वापरात असलेलं बहुतेक इन्सुलिन ३० अंशांखाली सुमारे २८ दिवस टिकतं, तरी आपल्या पाकिटावरची मुदत वाचा. थेट बर्फावर ठेवू नका, गोठलं की टाकूनच द्यावं लागतं.

---

दादा, ताई, दोघांचे मनापासून आभार. सासूबाई बऱ्या आहेत. त्यांची औषधं, मात्रा, ऑक्सिजनचा फ्लो आणि दवाखान्याचा नंबर मोठ्या अक्षरात कागदावर लिहून पलंगाशेजारी लावलाय. वीज कंपनीचा अर्ज भरला, डॉक्टरांचं पत्र उद्या मिळेल. ओएनटीचा डबा मात्र शोधावा लागला, कपाटामागे निघाला.