मदत हवी आहे : ड्रायव्हर मारताना तोल जातो, चेंडू उजवीकडे पळतो

रविवारचा_गडी
लोकहो, तातडीने मदत हवी आहे. येत्या रविवारी कंपनीची गोल्फ टूर्नामेंट आहे आणि माझा ड्रायव्हर, म्हणजे लांब मारायचा क्लब, पार बिघडलाय. जोरात मारला की तोल जातो आणि चेंडू उजवीकडे पळतो. थोडाथोडका नाही, थेट शेजारच्या होलवर. सात नंबर आयर्न, वेज हे आखूड क्लब व्यवस्थित, बोंब फक्त ड्रायव्हरची. यूट्यूबवर ढीगभर व्हिडिओ पाहून झाले, प्रत्येक जण वेगळंच सांगतो. 'कोच लावा' असं कृपया सांगू नका, रविवारपर्यंत कोच काय दिवे लावणार? लाँगेस्ट ड्राइव्हला बक्षीस आहे आणि ते आमच्या फायनान्सवाल्याला मिळू द्यायचं नाहीये. नेमका उपाय सांगा.

बोगीमामा
स्लाइस, म्हणजे चेंडू हवेत उजवीकडे वळतोय. दुसरं काही नाही. येरवड्याला रोज सकाळी हेच बघतो. चेंडू कुठे गेला हे बघायची घाई, म्हणून डोकं वर येतं, डोक्यामागून खांदा, खांद्यामागून सगळंच. डोकं खाली ठेवा, पुढचा हात सरळ ठेवा. बाकी आपोआप होतं.

ऑस्टिनकर
मामा, 'डोकं खाली' या सल्ल्याने जेवढे स्विंग बिघडले तेवढे कशाने बिघडले नसतील. डोकं दाबून धरलं की छाती वळत नाही, छाती वळली नाही की वजन मागच्या पायावरच अडकतं.
धागाकर्ते, माहिती अपुरी आहे. चेंडू निघतो कुठे आणि वळतो कुठे? या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. निघताना तो बहुतांशी क्लबफेस, म्हणजे क्लबची चेंडूला लागणारी बाजू, जिकडे बघत असेल तिकडे निघतो. हवेत वळतो ते फेस आणि स्विंगचा मार्ग यांत फरक पडल्यामुळे. ड्रायव्हरचा लॉफ्ट (फेसचा मागे झुकलेला कल) कमी असल्याने तोच फरक आयर्नमध्ये झाकला जातो आणि ड्रायव्हरमध्ये उघडा पडतो. तेव्हा 'आयर्न व्यवस्थित' यावर फार विसंबू नका. शिवाय तोल कुठे जातो? पंजांवर, टाचांवर की मागच्या पायावर? लॉफ्ट किती? शाफ्ट (दांडा) रेग्युलर की स्टिफ?

रविवारचा_गडी
उजवीकडे जातो हे लिहिलंय की वर. लॉफ्ट साडेदहा अंश, शाफ्टचं माहीत नाही, मेव्हण्याने अमेरिकेतून आणलाय. तोल जातो म्हणजे पडत नाही, सावरावं लागतं. पुढे बोला.

नाडीपरीक्षा
तोल जाणे हे लक्षण हलक्यात घेऊ नका. मान झटकन वळवल्यावर होत असेल तर कानाच्या आतले कण जागचे हललेले असू शकतात, त्याला बीपीपीव्ही म्हणतात. ईएनटी डॉक्टर एप्ली मनुव्हर करून बऱ्याचदा लगेच आराम देतात. सोबत बी-१२ आणि डी-३ तपासून घ्या. आमच्या शेजारच्यांचं असंच झालं होतं, ते मात्र जिन्यात.

रविवारचा_गडी
मला चक्कर येत नाही हो काका. ड्रायव्हर मारताना तोल जातो. गोल्फ. गोल्फचा ड्रायव्हर.

नाडीपरीक्षा
बरं. तरी बी-१२ तपासाच.

गल्ली_क्रिकेट
तुम्ही आधी क्रिकेट खेळत होतात का? माझाही हाच प्रॉब्लेम होता. ग्रिप जरा स्ट्राँग करा, म्हणजे वरचा हात दांड्यावर आणखी आत वळवा. वरून बघताना त्या हाताची तीन नकल्स (मुठीवरचे उंचवटे) दिसली पाहिजेत. फेस बंद व्हायला, म्हणजे आत वळायला, मदत होते, स्लाइस गायब. त्यातही मी तर ओव्हरलॅपिंग (एक करंगळी दुसऱ्या हातावर) सोडून सरळ दहाही बोटांनी धरतो, बॅटसारखा.

बोगीमामा
दहा बोटांनी लाटणंसुद्धा धरता येतं. हॅरी व्हार्डनने ओव्हरलॅपिंग ग्रिप रुळवून शंभर वर्षं होऊन गेली, लोक तीच वापरतात, ते काय उगाच?

गल्ली_क्रिकेट
मामा, हलकं घ्या. जॅक निक्लॉस इंटरलॉकिंग (बोटांत बोट अडकवून) धरायचा, अठरा मेजर, म्हणजे सर्वांत मोठ्या स्पर्धा, जिंकला. व्हार्डनला विचारायला गेला नव्हता.

सौ_सातआयर्न
ग्रिपवरून भांडण सुरू झालं की धागा शंभरी गाठणार. तोलाचं विचारलंय तर तोलाचं सांगते.
दोन्ही पाय जुळवून उभे राहा, हातात सात नंबर, अर्धा स्विंग. जोर लावलात की लगेच पाऊल उचलावं लागेल, म्हणजे चूक शरीरच सांगतं, व्हिडिओ नको. ते जमलं की ड्रायव्हर घ्या, खांद्यांपेक्षा किंचित रुंद उभे राहा, वजन बुटाच्या नाडीखाली ठेवा, टाचांवर नाही. साधारण सत्तर टक्के जोर. आणि मारून झाल्यावर चेंडू जमिनीला टेकेपर्यंत त्याच फिनिशमध्ये उभे राहायचं : सगळं वजन पुढच्या पायावर, पट्ट्याचं बक्कल टार्गेटकडे, मागच्या पायाचं फक्त बोट टेकलेलं. मला हे जमायला बराच काळ लागला, पण आमच्या ग्रुपमधले दोन-तीन दांडगट आता माझ्या मागे राहतात.
दादा, वय आणि गुडघ्यांची अवस्था सांगाल का?

नवशिक्या_नाना
चांगला धागा. पुण्यात किंवा खारघरला मेंबर नसताना खेळता येतं का? साधारण खर्च किती? बूट लागतातच का?

पाणी_अडवा
एका कोर्सच्या हिरवळीला किती पाणी लागतं यावरही कोणीतरी धागा काढा. इकडे सोसायटीत टँकर येतोय.

सौ_सातआयर्न
नाना, खारघरचा कोर्स सिडकोचा आहे, त्यांच्याकडेच चौकशी करा. सुरुवातीला सरावाच्या रेंजवर साधे स्पोर्ट्स शूज चालतात, जीन्स मात्र बऱ्याच ठिकाणी चालत नाही. पाणी_अडवा, बऱ्याच कोर्सवर प्रक्रिया केलेलं सांडपाणी वापरतात, पण मुद्दा रास्त आहे. वेगळा धागा काढा, मी येते.

रविवारचा_गडी
वय ४१, गुडघे उत्तम. आज ऑफिसातून लवकर सटकून रेंजवर गेलो. पाय जुळवून सात नंबर झकास गेला. मग क्रिकेटवाल्यांनी सांगितली तशी ग्रिप वळवून ड्रायव्हर घेतला, तर अजून बेकार! आधी चेंडू निदान मैदानात राहायचा, आता उजव्या जाळीवर. त्यात रेंजवर डावऱ्या माणसाला मिळते ती शेवटची मॅट, खांबाला खेटून. पुढच्या मॅटवरचा माणूस तोंडासमोर उभा, मी हुकलो की तो हसताना दिसतो. चेंडू ठेवायची रबरी टी एकाच उंचीची, ती पण तुटकी. उपाय सांगा म्हटलं तर बी-१२ सांगतात.

ऑस्टिनकर
थांबा. डावऱ्या माणसाला?

रविवारचा_गडी
हो, मी डावरा आहे. त्यात सांगण्यासारखं काय? तुम्ही हातापायाचं जे सांगता ते मी आपोआप उलटं करून वाचतो, जन्मभराची सवय आहे.

ऑस्टिनकर
हातपाय उलटे केलेत, पण चेंडू उलटा केला नाहीत ना! उजव्या हाताने खेळणाऱ्याचा चेंडू उजवीकडे वळला तर स्लाइस. डावऱ्याचा उजवीकडे वळला तर तो हुक. तुमचा फेस आधीच जास्त बंद होतोय, त्यावर स्ट्राँग ग्रिपने तो आणखी बंद केलात. जाळीवर जाणारच. इथले स्लाइसचे सगळे सल्ले तुमच्या बाबतीत विषासारखे आहेत.

बोगीमामा
पहिल्याच ओळीत लिहायला काय झालं होतं? माणूस 'उजवीकडे' म्हणाला की आम्ही स्लाइसच समजणार.

गल्ली_क्रिकेट
माझी ग्रिप चुकीची नव्हती हे नोंदवून ठेवा.

ऑस्टिनकर
आता परत विचारतो. निघतो कुठे? तोल कुठे जातो?

रविवारचा_गडी
निघतो सरळ, कधी थोडा डावीकडेच. मग मध्येच उजवीकडे वळून धपकन बसतो. तोल टाचांवर जातो, पाठीकडे. शेवटी डाव्या पायाने एक पाऊल मागे टाकतो.

ऑस्टिनकर
हे पहिल्या प्रतिसादात असतं तर दोन दिवस वाचले असते. मला तर वाटतं तुमचा चेंडू क्लबच्या मधोमध लागतच नाही, टोवर, म्हणजे हेडच्या बाहेरच्या टोकाकडे लागतो. खाली येताना तुम्ही टाचांवर रेलता, शरीर चेंडूपासून लांब जातं, हात आत ओढले जातात, साहजिकच लागतो तो टोचा भाग. टोवर लागला की हेड आपल्या मध्याभोवती उघडं फिरतं आणि चेंडूला उलटी फिरकी मिळते, दातेरी चाकांसारखी. याला गिअर इफेक्ट म्हणतात. ही फिरकी हुकचीच असते. ड्रायव्हरचा चेहरा बाहेरून फुगीर असतो तो यासाठीच : टोवरचा चेंडू थोडा बाहेर निघावा आणि वळून आत यावा. तुम्ही लिहिलेलं 'डावीकडे निघून उजवीकडे' अगदी तसंच आहे.
खात्री करून घ्या. फेस ओल्या फडक्याने पुसा, वर टाल्कम पावडर भुरभुरवा, दोन-चार मारा. चेंडू जिथे लागला तिथे गोल ठसा उठतो.

सौ_सातआयर्न
+१ पावडरला. आणि ग्रिप थोडी उलट वळवून वरच्या हाताची दोनच नकल्स दिसतील एवढी ठेवा. चेंडू पुढच्या टाचेच्या आतल्या रेषेत, म्हणजे तुमच्या उजव्या. टीवर अर्धा चेंडू क्लबच्या वर दिसावा. दांडा एक इंच खाली धरा, साधारण पंचेचाळीस इंचांचं ते लांबट धूड त्यानेच बरंच आवाक्यात येतं.

रविवारचा_गडी
पावडर लावून मारलं. ठसा टोच्या बाजूला आणि मध्यापेक्षा वर, दरवेळी तिथेच, जणू शिक्का मारलाय. नाडीखाली वजन ठेवून आणि दांडा खाली धरून ठसा मधल्या रेषेच्या जवळ सरकला. चेंडू अजून उजवीकडे जातो, पण आपल्याच फेअरवेच्या (कापलेल्या गवताच्या पट्ट्याच्या) कडेला. लांबी कमी होत नाहीये, उलट वाढल्यासारखी वाटते. कसं काय?

ऑस्टिनकर
मध्यावर लागल्यामुळे. हाताचा वेग पाच टक्के कमी झाला तरी चांगल्या संपर्काची भरपाई त्याहून मोठी असते. आता घाई सोडा. चांगल्या खेळाडूंच्या स्विंगमध्ये क्लब मागे न्यायला जेवढा वेळ लागतो त्याच्या एक तृतीयांशात तो खाली येतो. तुम्ही मागेही झटक्यात नेत असणार.

बोगीमामा
पुढची टाच उचलू द्या त्याला बॅकस्विंगला. निक्लॉस उचलायचा. पाय रोवून कंबर कशी वळणार या वयात?

ऑस्टिनकर
जो आधीच टाचांवर पडतोय त्याला टाच उचलायला सांगता?

बोगीमामा
पुढची टाच, मागची नाही. वाचा नीट.

सौ_सातआयर्न
दोघेही थांबा, रविवार उद्यावर आलाय. दादा, टाच उचलणं नंतर करा. आणि लाँगेस्ट ड्राइव्हमध्ये बहुतेक ठिकाणी चेंडू फेअरवेवर थांबला तरच मोजतात, तुमच्या टूर्नामेंटचा नियम विचारून घ्या. फायनान्सवाला रफमध्ये (बाजूच्या लांब गवतात) गेला तर १८० यार्डांवरही बक्षीस तुमचंच.

नवशिक्या_नाना
डावऱ्यांचे सेट भारतात मिळतात का? पुतण्या डावरा आहे.

रविवारचा_गडी
नाना, ऑर्डर देऊन मिळतात, रेंजवर भाड्याने मिळणं कठीण. मी म्हणूनच मेव्हण्याला कामाला लावलं. पण फिल मिकलसनसारखा नावाजलेला खेळाडू पाहा, एरवी उजखुरा माणूस, वडिलांसमोर उभा राहून त्यांचं प्रतिबिंब बघत डावरा स्विंग शिकला. डावरा बॉब चार्ल्स तर १९६३ मध्येच ब्रिटिश ओपन जिंकला होता. पुतण्याला बिनधास्त खेळू द्या.
दुसरा प्रश्न : पावडर रविवारी फेसवर राहिली तर चालेल का? ठसा बघत खेळता येईल.

बोगीमामा
अजिबात नाही. क्लबचं काम बदलावं म्हणून फेसवर काहीही लावून चेंडू मारला तर बाद करतात. तुम्ही म्हणाल मी फक्त ठसा बघत होतो, फायनान्सवाला म्हणेल फिरकी कमी करत होता. पहिल्या टीवर जायच्या आधी ओल्या टॉवेलने पुसा, खाचांतलीही काढा.