मदत हवी आहे : सहावीला सिकंदर, अशोक आणि जुनी साम्राज्ये व्हिडिओतून कशी शिकवावीत?

पाटीपेन्सिल
नमस्कार. सहावीचा वर्ग, मराठी माध्यम, मुंबईच्या पश्चिम उपनगरातली शाळा. ५८ मुले, ३५ मिनिटांचा तास. प्रोजेक्टर, लॅपटॉप आणि एक छोटा स्पीकर आहे, इंटरनेटचा भरवसा नाही. मौर्य साम्राज्याच्या धड्याला लागून इराणी साम्राज्य, सिकंदर, अशोक आणि सातवाहन असे चार तास व्हिडिओच्या आधाराने घ्यायचे आहेत.

चांगले व्हिडिओ बहुतेक इंग्रजीत आणि वीस-पंचवीस मिनिटांचे आहेत. हिंदीतले बरेचसे नुसते लढायांचे. मुले तलवारी बघून खूश होतात, पण नंतर ‘साम्राज्य म्हणजे काय’ विचारले तर ‘खूप मोठे राज्य’ यापुढे उत्तर सरकत नाही. किती वेळ दाखवावे, कुठे थांबवावे, कोणत्या चुका आधीच हेरून ठेवाव्यात?

आहत
पूर्ण व्हिडिओ दाखवूच नका. हजेरी आणि जोडाजोडीत पाच मिनिटे जातात. उरलेल्या तीसमध्ये पडद्यावरचा वेळ सात मिनिटांच्या वर जाऊ देऊ नका, आणि तोही दोन तुकड्यांत.

पहिल्यांदा तुकडा आवाज बंद करून दाखवा आणि एवढेच विचारा : काय काय दिसले? मग तोच तुकडा पुन्हा, तुमच्या आवाजात, मराठीत. निवेदन आधी लिहून काढा. वर्गात मिनिटाला शंभर-सव्वाशे शब्दांच्या वर गेलात की मागची बाके सुटतात, म्हणजे तीन मिनिटांना साडेतीनशे शब्द पुरे. नकाशावर बाण धावत असतील तिथे वेग ०.७५ करा.

नावांचा घोळ आधीच मिटवा. अलेक्झांडर म्हणजे सिकंदर, सायरस म्हणजे कुरुश, डरायस म्हणजे दार्युश, पोरस म्हणजे पुरू, हायडास्पिस म्हणजे झेलम म्हणजेच वितस्ता, हायफासिस म्हणजे बियास. फळ्याच्या डाव्या बाजूला या जोड्या लिहून चारही तास पुसू नका. नाहीतर हायडास्पिस आणि झेलम या दोन वेगळ्या लढाया आहेत असे निम्मा वर्ग लिहून येतो.

आता थांबायच्या जागा. झेलमची लढाई, सिकंदर विरुद्ध पंजाबातला राजा पुरू, इ.स.पू. ३२६. नदीला पूर आलेला, पलीकडच्या काठावर पुरूचे हत्ती. हे चित्र पडद्यावर आले की लगेच थांबवा आणि विचारा, तुम्ही नदी कुठून ओलांडाल? दोन मिनिटे मुलांना भांडू द्या. मग पुढचे दाखवा : छावणी समोर तशीच ठेवली, रात्रीमागून रात्री खोट्या हालचाली करून पुरूला थकवले आणि एका वादळी रात्री वरच्या अंगाला, साधारण २७ किमीवर, नदी पार केली. लढाईचा धिंगाणा त्यानंतर अर्धा मिनिट दाखवलात तरी चालेल. खरी गोष्ट लढाईनंतर आहे. पुरूला त्याचे राज्य परत मिळाले आणि वर आणखी मुलूखही मिळाला. का? जिंकलेला प्रदेश सांभाळायला माणूस लागतो म्हणून. तुमच्या ‘साम्राज्य म्हणजे काय’चे उत्तर इथून सुरू होते.

दुसरी जागा टायरचा (आजच्या लेबनॉनमधले बंदर) वेढा, इ.स.पू. ३३२, सात महिने. शहर बेटावर, म्हणून सिकंदराच्या सैन्याने किनाऱ्यापासून समुद्रात भराव घालून बांध नेला. बांधाच्या दोन्ही अंगांना गाळ साचत गेला आणि आज टायर बेट उरलेले नाही. माहीम कॉजवे ठाऊक असलेल्या मुलांना हे दोन वाक्यांत समजते.

शूर्पारक
चुकांबद्दल. सर्वांत मोठी चूक नकाशातली असते. एका रंगाचा डाग पसरत जातो आणि भारतावर येऊन थांबतो. सिकंदराच्या नकाशात तो डाग गंगेपर्यंत गेलेला दिसला तर व्हिडिओ बाजूला ठेवा. बियासच्या काठी सैन्याने पुढे यायला नकार दिला, तो तिथूनच मागे फिरला. मगधाच्या नंद राजांशी त्याची गाठ कधी पडली नाही.

अशोकाचा नकाशा रंगाने भरण्याऐवजी ठिपक्यांनी करा. भिंतीला कार्डशीट चिकटवा, भारताची नुसती बाह्यरेषा प्रोजेक्टरने त्यावर पाडा आणि चार मुलांकडून मार्करने गिरवून घ्या. गिरवणारा प्रकाशाच्या आड येतो, म्हणून एकाने डावीकडून आणि एकाने उजवीकडून काम करायचे. नकाशात आजच्या सीमा नकोत. मग फक्त जिथे अशोकाचे लेख सापडले तिथे टिकल्या लावा : कंदाहार, शाहबाजगढी, मानसेहरा, कालसी, गिरनार, सोपारा, धौली, जौगड, एर्रागुडी. मधल्या रिकाम्या जागा पाहून मुले आपणहून विचारतात, इथे राजाचे कोण ऐकत होते? पाटलीपुत्राहून निघालेला हुकूम गिरनारला पोहोचायला किती दिवस लागत असतील? हा प्रश्न कोणताही व्हिडिओ विचारत नाही.

सोपारा म्हणजे आपले नालासोपारा. १८८२ मध्ये पुराविद भगवानलाल इंद्रजींना इथे अशोकाच्या चौदा शिलालेखांपैकी आठव्याचा तुकडा मिळाला, नवव्याचा तुकडा १९५६ मध्ये मिळाला. आठव्याचा तुकडा काळ्या घोड्याजवळच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहे. या लेखात अशोक सांगतो, की पूर्वीचे राजे शिकारीसारख्या मौजेच्या यात्रांना जात, मी धम्मयात्रा सुरू केली. विरार लोकलने रोज जाणाऱ्या मुलांसाठी यापेक्षा जवळचा पुरावा नाही. वस्तुसंग्रहालयात नेणार असाल तर व्हिडिओ आधी नको, नंतर दाखवा. आधी दाखवला तर मुले दगडापुढे उभी राहून व्हिडिओतली वाक्ये म्हणतात, दगड बघतच नाहीत.

पाटीपेन्सिल
सोपाऱ्याचे इतके जवळ असून धड्याला जोडायचे सुचलेच नव्हते. ठिपक्यांचा नकाशा नक्की करते. आकड्यांचे काय करू? एका व्हिडिओत सिकंदरासमोर दहा लाख सैन्य उभे आहे. मुले विचारणारच, खरे का?

आहत
तो आकडा गौगमेलाच्या लढाईतल्या इराणी सैन्याचा, इ.स.पू. ३३१. दहा लाख पायदळ आणि चाळीस हजार घोडेस्वार असे अरियन हा ग्रीक इतिहासकार लिहितो आणि तो लिहितोय चारशेहून जास्त वर्षांनी. ‘खोटे आहे’ असे सांगून मोकळे होऊ नका, मुलांना हिशेब घालू द्या. दहा-दहाच्या रांगा केल्या तर एक लाख रांगा. दोन रांगांत फक्त एक मीटर अंतर धरले तरी लांबी १०० किमी. चर्चगेट ते विरार ६० किमी. म्हणजे रांगेचे डोके चर्चगेटला असेल तर शेपूट पालघरच्याही पुढे. या सगळ्यांना रोज पाणी कुठून आणायचे? एवढ्यावर मुले आकडा स्वतःच उतरवतात.

अशोकाच्या कलिंग (आजचा ओडिशा) युद्धाचे आकडे वेगळ्या जातीचे. दीड लाख पकडून नेले, एक लाख मारले गेले, त्याच्या कितीतरी पट मेले. हे खुद्द जिंकणाऱ्या राजाने तेराव्या शिलालेखात कोरवले आहे. आकडे मोघम आहेत, पण जिंकलेल्याने स्वतःच्या विजयाचे दुःख दगडावर लिहिणे दुर्मीळ. आणि हा लेख खुद्द कलिंगात, धौली-जौगडला, कोरलेला नाही. तिथे त्याच्या जागी वेगळे लेख आहेत. हे सांगून फक्त ‘का बरे?’ विचारा आणि गप्प राहा. पाच मिनिटे त्यासाठी राखून ठेवा.

पडदा_वर
तांत्रिक बाजू. इंटरनेटवरून थेट चालवू नका : जाहिरात मध्येच येते, एक संपला की दुसराच व्हिडिओ सुरू होतो. खुल्या परवान्याचे व्हिडिओ निवडा, आधी उतरवून हवा तेवढाच तुकडा कापा. फाइल एमपी४, चित्र एच.२६४, आवाज एएसी, ७२० पिक्सेल पुरे. एच.२६५ ची फाइल जुन्या लॅपटॉपवर अडखळते किंवा काळा पडदा आणि नुसता आवाज येतो. हँडब्रेक या प्रोग्रॅमने रूपांतर करून घ्या, चालवायला व्हीएलसी प्लेयर.

एचडीएमआय लावल्यावर आवाज गेला तर स्पीकर बिघडलेला नसतो, लॅपटॉप आवाज प्रोजेक्टरकडे पाठवत असतो. आवाजाच्या सेटिंगमध्ये स्पीकर निवडा. आणि स्पीकर पडद्याजवळ नको, वर्गाच्या मध्यावर उंच ठेवा. ५८ मुलांत पुढे ठेवलेला छोटा स्पीकर तिसऱ्या बाकापलीकडे पोहोचत नाही.

मराठी उपशीर्षके करणार असाल तर एसआरटी (उपशीर्षकांची) फाइल जतन करताना एन्कोडिंग यूटीएफ-८ निवडा, नाहीतर चौकोन दिसतात. फाइलचे नाव व्हिडिओच्या नावासारखेच हवे. स्मार्ट पॅनेलवर जोडाक्षरे तुटत असतील तर उपशीर्षके व्हिडिओतच छापून घ्या.

खापर
इराणी सम्राट कुरुशाबद्दल एक सावधगिरी. बॅबिलोन जिंकल्यानंतरचा (इ.स.पू. ५३९) त्याचा मातीचा लेख, कुरुश सिलिंडर, बहुतेक व्हिडिओ ‘जगातला पहिला मानवी हक्कांचा जाहीरनामा’ म्हणून दाखवतात. लेखात गुलामगिरी बंद केल्याचा शब्द नाही. बॅबिलोनच्या मर्दुक देवाने आपल्याला निवडले आणि आपण देवळे दुरुस्त केली, असे नवा राजा सांगतो. पुरूला राज्य परत देण्याशी हे जोडून दाखवा, दोन्हीकडे जिंकलेल्यांना राजी करणेच चालले आहे. ही मूळ वस्तू २०१३-१४ मध्ये मुंबईतल्या त्याच वस्तुसंग्रहालयात येऊन गेली.

सातवाहनांच्या तासाला व्हिडिओ नकोच. जोगळटेंभीच्या नाण्यांचे दोन मोठे फोटो पुरतात. १९०६ मध्ये नाशिकजवळ तेरा हजारांहून अधिक चांदीची नाणी मिळाली, नहपान या क्षत्रप राजाची. त्यातल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने स्वतःचा छाप पुन्हा मारला आहे. फोटो पडदाभर मोठा करा. तीन कमानींचा डोंगर आणि त्याखालची नागमोडी रेघ वर दिसते, आणि त्याखालून नहपानाचे नाक किंवा हनुवटी डोकावते. कोण हरले, कोण जिंकले आणि चांदी मात्र तीच राहिली, हे मुलांना बोटाने दाखवता येते.

काळासाठी भिंतीवर दोरी. दोन वर्षांना एक सेंटिमीटर धरा. इ.स.पू. ६०० ते इ.स. ५०० ला साडेपाच मीटर लागते, वर्गाच्या भिंतीवर बसते. डावे टोक ६००, तिथून ३०० सेंमीवर गाठ मारा, गाठीच्या डावीकडे इ.स.पू., उजवीकडे इ.स. शून्य वर्ष नसते, हे गाठीपाशीच सांगा. बॅबिलोन साडेतीस सेंमीवर येते, गौगमेला १३४.५ सेंमीवर, झेलम तिच्यापुढे जेमतेम अडीच सेंमी. व्हिडिओत कुरुशानंतर लगेच सिकंदर येतो, दोरीवर मध्ये मीटरभर जागा उरते.

पाटीपेन्सिल
दोरी उद्याच आणते. इराणी तासासाठी मुंबईतले दाखवण्यासारखे काही आहे का?

शूर्पारक
फोर्टात दादाभाई नौरोजी रस्त्यावरच्या वाच्छा अग्यारीचे दार. माणसाचे डोके, बैलाचे अंग आणि पंख असलेले द्वारपाल. ही कल्पना प्राचीन असुरियाच्या (आजचा उत्तर इराक) राजवाड्यांतली, इराणी सम्राटांनी आपल्या पर्सेपोलिस या राजधानीच्या दारावर उचलली, आणि पुढे कितीतरी शतकांनी मुंबईच्या पारशांनी ती आपल्या अग्यारीच्या दारावर घेतली. आत पारशांखेरीज कोणाला प्रवेश नाही, बाहेरूनच बघायचे. तिथल्या फुटपाथवर ५८ मुले मावत नाहीत, म्हणून पंधरा-पंधराचे गट करा, प्रत्येकाबरोबर एक मोठे माणूस ठेवा आणि सकाळी दुकाने उघडायच्या आत उरका.